लाल फाटकापुढची वारी: बीटल्सच्या लिव्हरपूलला लोक का जातात, आणि तिथं बघायचं काय?

कोल्हापूर जिल्ह्यातली बरीच मुलं-मुली हल्ली एम.एस.साठी इंग्लंडला जातात. कोर्स संपत आला की पदवीदान समारंभासाठी आई-वडलांची जाण्याची तयारी सुरू होते आणि मुलीचा फोन येतो, "बाबा, लंडन झालं की लिव्हरपूलला जाऊ, बीटल्सचं गाव बघायला." तिथं काय आहे म्हणून विचारावं तर उत्तरानं गोंधळ वाढतोच. एक लाल लोखंडी फाटक, एक बसथांबा, दोन साधी घरं, एक तळघर आणि चर्चच्या आवारातला कबरीचा दगड. एवढ्यासाठी जपानपासून अमेरिकेपर्यंतची माणसं येतात. चौघा बीटल्सवर चार स्वतंत्र चित्रपट एप्रिल २०२८ मध्ये आणणार असल्याचं दिग्दर्शक सॅम मेंडिस यांनी जाहीर केलं आहे, म्हणजे त्या सुमारास ही गर्दी आणखी वाढणार.

## आधी ओळख

बीटल्स म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. चौघेही लिव्हरपूलचे, १९४० ते १९४३ या काळात जन्मलेले. बीटल्स हे नाव १९६० मध्ये ठरलं, रिंगो १९६२ मध्ये आला आणि १९७० मध्ये सगळे वेगळे झाले. उणीपुरी दहा वर्षं. तेवढ्यात त्यांनी जगातल्या लोकप्रिय संगीताची घडीच बदलली.

अशा कलाकारांच्या गावी जाण्याला इथं आपण 'चाहत्यांची वारी' म्हणू. पर्यटक न पाहिलेलं बघायला जातो. वारकऱ्याचं तसं नसतं. पंढरपूरला पहिल्यांदा निघालेल्यालाही विठोबा अनोळखी नसतो, अभंगांतून तो कधीचा घरात आलेला असतो. बीटल्सचा चाहताही गाण्यातून कित्येक वर्षं ओळखीचा झालेला रस्ता डोळ्यांनी बघायला येतो. त्या रस्त्यावर ताजमहालासारखं काही नसलं तरी त्याचं बिघडत नाही. ही गोष्ट ध्यानात आली की बाकीचा उलगडा सोपा आहे.

## पण हे सगळं लिव्हरपूललाच का घडलं?

कारण ते बंदर आहे. मर्सी नदीच्या मुखावरच्या या गोदीतून इंग्लंडचा अमेरिकेशी व्यापार चालायचा. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारात ब्रिटनचं सर्वांत मोठं बंदर हेच होतं, आणि शहरातलं गुलामगिरीचं संग्रहालय ते लपवत नाही. पुढं कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ दरम्यान, तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा मुंबईहून गाठोडी इथंच उतरत होती. पॉलचे वडील कापसाच्या पेढीत विक्रेते होते. इचलकरंजीच्या माणसाला ही नोकरी समजावून सांगायला नको.

जॉनचे वडील खलाशी. जॉर्जचे वडील आधी जहाजावर कारभारी, मग शहरात बस कंडक्टर. अशा घरांत समुद्रापलीकडचं जग आपोआप शिरतं. न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजांवरचे लिव्हरपूलचे कामगार परतताना अमेरिकन रेकॉर्ड, कपडे, गिटार घेऊन यायचे. बीटल्स घडले ते केवळ या रेकॉर्डमुळे, असं काही जण सांगतात. ते जरा जास्तच सोपं उत्तर आहे, कारण अशा रेकॉर्ड दुकानांतही मिळत होत्या. पण अमेरिकेची हवा या गावात रोज वाहत होती हे खरं.

१९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये घरगुती वाद्यांवर गाण्याची एक लाट आली, तिला 'स्किफल' म्हणत. जॉनची शाळकरी टोळी हेच वाजवायची. कपडे घासायच्या पत्र्यावर ताल आणि खर्जासाठी चहाचं खोकं. भारत-सिलोनहून चहा ज्या प्लायवुडच्या खोक्यांतून यायचा, तेच खोकं पालथं घालायचं, मधे भोक पाडून दोरी ओवायची आणि तिचं वरचं टोक झाडूच्या दांड्याला बांधायचं. खोक्यावर एक पाय ठेवून दांडा मागं रेलला की दोरी ताणते आणि सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. यल्लम्माच्या जोगत्यांच्या काखेतलं चौंडकं ज्यानं ऐकलंय त्याला ही करामत लगेच कळेल. तार एकच, सूर ताणावर. पैसे नसलेल्या पोरांना वाद्यवृंद उभा करता आला तो असा.

## बघण्याच्या जागा कुठं आहेत?

जागा दोन ठिकाणी विखुरल्या आहेत आणि नेमकं हेच न कळल्यामुळे लोकांचा दिवस वाया जातो. शहराच्या मध्यात लाइम स्ट्रीट स्टेशनपासून पायी जाता येईल अशा अंतरावर मॅथ्यू स्ट्रीटचं कॅव्हर्न तळघर, धक्क्यावरचा चौघांचा पुतळा (२०१५ मध्ये उभारलेला) आणि आल्बर्ट डॉकमधलं बीटल्स संग्रहालय आहे. चाहत्यांचा जीव ज्यांत गुंतलेला असतो त्या बहुतेक जागा मात्र दक्षिणेच्या उपनगरांत, पाच ते नऊ किलोमीटरवर. पुतळ्याशेजारी फोटो काढून परतणारा माणूस म्हणजे बिंदू चौकातून मागं फिरून कोल्हापूर बघितलं म्हणणारा.

पेनी लेन हा उपनगरातला साधा रस्ता. त्याच्या टोकाला बसगाड्या फिरतात तो चौक, मधोमध जुनी शेड, जवळच केशकर्तनालय. गाण्यात यातलं बरंच आहे. ८६ क्रमांकाची बस शहरातून तिथं जाते आणि पुढं पॉलच्या घराच्या अंगानं निघते. रस्त्याच्या नावाच्या पाट्या लोक इतक्या वेळा उखडून नेत की शेवटी नाव भिंतींवर रंगवावं लागलं.

वुल्टन भागात स्ट्रॉबेरी फील्ड आहे. तिथं साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं अनाथ मुलांचं वसतिगृह होतं, १९३६ ते २००५. उन्हाळ्यात बागेत जत्रा भरायची, बँड वाजायचा. जॉन जवळच राहायचा आणि मावशीबरोबर तिथं जायचा. पेनी लेन आणि स्ट्रॉबेरी फील्ड या दोन्ही जागांवरची गाणी फेब्रुवारी १९६७ मध्ये एकाच रेकॉर्डच्या दोन बाजूंवर निघाली. लाल फाटक म्हणतात ते इथलं. हातांनी आणि हवेनं ते झिजत चाललं, म्हणून २०११ मध्ये रस्त्यावर हुबेहूब प्रतिकृती बसवली आणि मूळ फाटक आत सांभाळून ठेवलं. देवळात मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते आणि पालखीतून उत्सवमूर्ती फिरते, तशीच ही सोय. सप्टेंबर २०१९ पासून आतली बाग आणि प्रदर्शन सगळ्यांना खुलं आहे. बाहेरूनच फोटो काढून निघालात तर मूळ फाटक बघायचं राहून जातं. पुष्कळांचं राहतं.

वुल्टनलाच सेंट पीटर्स चर्च. ६ जुलै १९५७ ला चर्चच्या जत्रेत जॉनची टोळी वाजवत होती. त्या दिवशी चर्चच्या सभागृहात सोळा वर्षांच्या जॉनची पंधरा वर्षांच्या पॉलशी ओळख करून देण्यात आली. रस्त्याच्या एका बाजूला ते सभागृह आणि दुसऱ्या बाजूला दफनभूमी. त्या दफनभूमीत १९३९ मध्ये वारलेल्या एलिनॉर रिग्बी नावाच्या बाईंचं नाव दगडावर कोरलेलं आहे. याच नावाचं गाणं पॉलनं १९६६ मध्ये दिलं. नाव आपण दुसरीकडून जुळवलं, पण लहानपणी वाचलेलं मनात कुठंतरी राहिलं असेलही, असं त्यानं म्हटलंय. ती खरीखुरी दफनभूमी आहे, तेव्हा आवाज बेतानं.

## घरांच्या आत जाता येतं का?

दोन घरांत जाता येतं, पण दारावर जाऊन बेल वाजवली तर परत फिरावं लागतं. जॉनचं मेंडिप्स आणि पॉलचं २० फोर्थलिन रोड ही दोन्ही नॅशनल ट्रस्टकडे आहेत. ऐतिहासिक वास्तू सांभाळणारी ही ब्रिटनमधली मोठी धर्मादाय संस्था. आधी ऑनलाइन बुकिंग करायचं, ठरल्या जागी ट्रस्टच्या लहान बसमध्ये बसायचं आणि मोजक्या लोकांच्या गटानं आत जायचं. आत फोटो काढायला बंदी आहे. हिवाळ्यात घरं बंद असतात आणि इतर महिन्यांतही आठवड्याचे सगळे दिवस उघडी नसतात. आई-वडलांची पंचाईत होते ती इथं. एम.एस.चे पदवीदान समारंभ बऱ्याच विद्यापीठांत डिसेंबर-जानेवारीत येतात, तेव्हा घरं बंद आणि दुपारी चारला अंधार. घरं बघायचीच असतील तर उन्हाळ्यातली तारीख साधा.

आल्बर्ट डॉकहून सुटणारी रंगीत टुरिस्ट बस साधारण दोन तासांत उपनगरं फिरवते, तीही चांगली आहे. मात्र ती घरांच्या बाहेर थांबते, आत नेत नाही. ही दोन तिकिटं वेगळी आहेत हे कळायला उशीर झाला की ट्रस्टच्या जागा भरलेल्या असतात.

आत काय आहे? जॉन म्हणजे कामगारवस्तीतला बंडखोर, अशी अनेकांची समजूत. प्रत्यक्षात त्याच्या मावशीचं घर चौघांत सर्वांत खातंपितं. रंगीत काचांच्या खिडक्या, पुढं-मागं बाग. मावशी त्याला गिटार घेऊन दारापुढच्या चिमुकल्या काचबंद ओसरीत पिटाळायची. उघड्या फरशीवर आणि काचेवर आवाज आपटून परत येतो, त्यामुळे तिथं गिटार भरदार वाजायची. पॉलचं घर नगरपालिकेनं बांधलेलं, भाड्याचं, ओळीतलं. पुढच्या खोलीत दोघं शाळा-कॉलेज बुडवून समोरासमोर बसत आणि गाणी वहीत उतरवत. ती खोली आपल्याकडच्या म्हाडाच्या फ्लॅटमधल्या हॉलपेक्षा मोठी नाही. माझ्या मते अख्ख्या लिव्हरपूलमध्ये बघण्यासारखं सर्वांत मोठं काही असेल तर ती ही खोली.

जॉर्जचं जन्मघर १२ अर्नोल्ड ग्रोव्ह आणि रिंगोचं ९ मॅड्रिन स्ट्रीट बाहेरून बघायचं. जॉर्जच्या घरी संडास अंगणात होता. रिंगोची गल्ली तर पाडायची ठरली होती, लोकांच्या विरोधामुळे घर वाचलं. दोन्ही गल्ल्यांत माणसं राहतात, त्यांच्या खिडक्यांतून डोकावू नये आणि दारात घोळका करू नये.

## कॅव्हर्न तर पाडलंय म्हणतात, मग खरं की खोटं?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फळांच्या गोदामाखालचं हे विटांच्या कमानींचं तळघर जानेवारी १९५७ मध्ये जॅझसाठी उघडलं. हवा खेळायला जागा नाही, भिंतींवरून ओल ठिबकायची, दारूचा परवाना नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आसपासच्या कचेऱ्यांतली पोरं-पोरी खाली उतरायची. १९६१ ते १९६३ मध्ये बीटल्स इथं २९२ वेळा वाजवून गेले असा सर्वमान्य आकडा आहे. त्यांचा पुढचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यानं त्यांना पहिल्यांदा बघितलं तेही इथंच, नोव्हेंबर १९६१ मध्ये.

१९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या हवेच्या झरोक्यासाठी ही जागा घेतली आणि इमारत पाडली. तो झरोका पुढं बांधलाच नाही. बंदराचा धंदा तेव्हा बसत चालला होता, आल्बर्ट डॉक १९७२ मध्ये बंद पडला होता, आणि जुन्या तळघराची किंमत कोणाला वाटत नव्हती. डिसेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कला जॉनचा खून झाला, शहर हळहळलं, आणि आपण काय बुजवलं याचा विचार सुरू झाला. मूळ तळघर उकरून वापरायचा बेत होता, पण वरची इमारत पाडताना कमानी खिळखिळ्या झाल्या होत्या. मग त्याच पत्त्यावर, मूळ जागेचा बराचसा भाग धरून, जुन्या सुमारे १५,००० विटा वापरून नवं तळघर बांधलं. ते १९८४ मध्ये उघडलं.

तेव्हा उत्तर असं: जागा खरी, विटा बऱ्याच खऱ्या, बांधणी नवी. आणि हे तिथं कोणी लपवत नाही. तिथं आजही रोज गाणं चालतं. काचेत ठेवलेली मूळ पण मुकी खोली की पुन्हा बांधलेली वाजती, यात माझं मत वाजत्या खोलीला.

कोल्हापूरकरांना हा प्रश्न परका नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी होती. पुनर्बांधणी हाती घेतली तेव्हा हेच विचारलं गेलं: नवं लाकूड, नवं छप्पर घातल्यावर ते 'तेच' नाट्यगृह राहील का?

## कोल्हापूरहून निघायचं तर

ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो, युरोपचा शेंगेन तिथं चालत नाही. 'स्टँडर्ड व्हिजिटर' प्रकारचा अर्ज ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे आणि फोटो मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात द्यायचे. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. अर्ज अडकतो तो ठरावीक दोन-तीन कारणांनी. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी मोठी रक्कम भरली आणि ती आली कुठून याचा कागद नसला की संशय येतो. उसाच्या बिलाचे पैसे असतील तर कारखान्याची पावती जोडा. सातबारा मराठीतच जोडला आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दिलं नाही तर तो जोडून उपयोग नाही. मुलाच्या विद्यापीठाचं पत्र आणि परत येण्याची कारणं, म्हणजे नोकरी, शेती, धंदा, स्पष्ट मांडा.

मँचेस्टरहून लिव्हरपूल रेल्वेनं तासाभराच्या आत, लंडनच्या यूस्टन स्टेशनहून सव्वादोन तासांच्या आसपास. रेल्वेची तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. पहिल्या दिवशी सकाळी ट्रस्टची घरं, दुपारी वुल्टन आणि पेनी लेन. दुसऱ्या दिवशी धक्का, संग्रहालय आणि संध्याकाळी कॅव्हर्न. ऑगस्टच्या शेवटी बीटल्स सप्ताह भरतो. तेव्हा उत्साह दांडगा, पण खोल्या मिळणं मुश्कील. धक्क्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, म्हणून टोपीचं रेनजॅकेट न्या. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा अंबाबाईचे पेढे, साजूक तूप आणि मटणाचं लोणचं घरीच राहू द्या. कांदा-लसूण चटणी चालते.

खर्च झेपत नसेल तर ऋषिकेश आहे. १९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिले आणि तिथं त्यांनी पुष्कळ गाणी रचली. रिंगोला तिखट सोसत नव्हतं, तो दहाएक दिवसांत परतला. ओस पडलेला आश्रम, चौरासी कुटिया, वनखात्यानं डिसेंबर २०१५ मध्ये तिकीट लावून खुला केला. कोल्हापूरहून निजामुद्दीनची साप्ताहिक गाडी धरून दिल्ली, आणि तिथून पुढं.

## "ते तर लंडनला निघून गेले, मग गावाचं कौतुक कशाला?"

१९६३ मध्ये ते लंडनला गेले हे खरं, आणि लिव्हरपूलच्या जुन्या श्रोत्यांना त्याचं दुःखही झालं. पण प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणून प्रभातच्या जन्माचं गाव बदललं का? मोठं काम कुठं झालं हे बघायला लंडनला जावं. ती माणसं तशी का झाली हे बघायचं तर त्यांची गल्ली, शाळा आणि बसचा रस्ता बघावा लागतो.

"माणसांची देवळं कशाला?" असंही कोणी म्हणेल. त्या घरांत पूजा होत नाही. एक गृहस्थ समोर उभे राहून सांगतात की हा पलंग त्या काळातला आहे, पण त्यांचा नव्हे. हा प्रामाणिकपणा भक्तीला आवर घालतो.

शहराला मिळतं काय, याचा हिशेबही झालाय. २०१६ च्या अहवालानुसार बीटल्सच्या वारशातून लिव्हरपूलच्या अर्थव्यवस्थेला वर्षाला सुमारे ८ कोटी १९ लाख पौंड मिळत होते आणि २,३३५ नोकऱ्या त्यावर उभ्या होत्या. पेनी लेनच्या पाट्या आणि गल्लीतली गर्दी हा त्याचाच दुसरा भाग, आणि तो तिथं राहणारे सोसतात.

## मग आपल्याकडे?

बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१८ ची. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, सिग्नलला थांबलेल्या किती जणांना तो कशाचा ते ठाऊक असतं? जयप्रभा स्टुडिओ वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. म्हणजे आस्था आहे, तिला वाट नाही. लिव्हरपूलनंही सुरुवात मोठ्या पुतळ्यानं केली नव्हती. राहतं घर विकत घेऊन ते होतं तसं ठेवणं, दिवसाला मोजकीच माणसं आत सोडणं, नक्कल असेल तिथं नक्कल म्हणून पाटी लावणं, एवढ्यावर ते चाललंय.

केशवराव भोसले नाट्यगृहात हे आजच करता येईल. कोणता दगड १९१५ चा आणि कोणता आगीनंतरचा याची नोंद बांधकाम चालू असतानाच ठेवावी लागते, गिलावा झाल्यावर ती ठेवता येत नाही. कॅव्हर्नमधल्या जुन्या विटा मोजल्या गेल्या म्हणून आज तिथं आकडा सांगता येतो. जळक्या तुळईचा एखादा तुकडा प्रेक्षागृहात दिसेल असा ठेवावा, खाली दोन ओळी लिहाव्यात, आणि शेजारच्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला आलेल्या पोरांनाही तिकिटाशिवाय आत येऊन तो वाचू द्यावा.